तेरुएल आहे! आणि तुमचं गाव?

पुणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. मावळापासून इंदापूरपर्यंत, जुन्नरपासून भोरपर्यंत, सगळाच्या सगळा. २०११ च्या जनगणनेत इथे ९४ लाखांहून जास्त माणसं होती. आता त्यातली फक्त सव्वा लाख आणि वर थोडी ठेवा, बाकी सगळी काढून टाका. डोंगर तेच, रस्ते तेच, गावांच्या पाट्या त्याच. फक्त माणसं नाहीत. साधारण असा दिसेल तो स्पेनमधला तेरुएल प्रांत. क्षेत्रफळ जवळपास पुणे जिल्ह्याएवढं आणि एका चौरस किलोमीटरला माणसं साधारण नऊ. शंभर वर्षांपूर्वी तिथे आजच्या जवळजवळ दुप्पट लोक राहत होते. मग पोरं शिकायला आणि नोकरीला झारागोझा, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, माद्रिद अशी पांगली. परत आली नाहीत.

ओळखीचं वाटतंय ना? म्हणूनच हा विषय या पानावर.

१९९९ मध्ये तिथल्या लोकांनी एक चळवळ सुरू केली. तिचं नाव 'तेरुएल एक्झिस्ते', म्हणजे 'तेरुएल अस्तित्वात आहे'. आम्ही आहोत हे ओरडून सांगावं लागतंय, यातच सगळं आलं. मागण्या अगदी साध्या होत्या : रस्ते, दवाखाने, रेल्वे. प्रांताची राजधानी असूनही तिथून माद्रिदला थेट गाडी नाही, ही तक्रार तर स्पेनभर प्रसिद्ध आहे. वीस वर्षं मोर्चे झाले, निवेदनं दिली गेली. शेवटी २०१९ मध्ये या लोकांनी ठरवलं, आता थेट संसदेच्या निवडणुकीला उभं राहायचं. आणि ते चक्क निवडून आले.

हे जमलं ते तिथल्या निवडणूक पद्धतीमुळे. आणि पुढे जे बिनसलं, तेही काही अंशी त्याच पद्धतीमुळे. कॉलेजच्या कट्ट्यावर निवडणुकांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'आपल्याकडे प्रमाणशीर पद्धत आणा, सगळे प्रश्न सुटतील.' मला ती पद्धत आवडते. पण 'सगळे प्रश्न सुटतील' हे काही खरं नाही. का ते तेरुएलमध्ये जाऊन बघू.

खुर्च्या कशा वाटतात?

स्पेनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ३५० जागा आहेत. १९७८ च्या राज्यघटनेने ठरवलं की मतदारसंघ म्हणजे प्रांत. असे ५० प्रांत आहेत. प्रत्येक प्रांताला आधी दोन जागा ठरलेल्या. प्रांत कितीही छोटा असो, दोन मिळणारच. झाल्या शंभर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउता आणि मेलिया या शहरांना एकेक. उरलेल्या २४८ जागा लोकसंख्येनुसार वाटतात.

याचा परिणाम बघा. सोरिया नावाच्या प्रांतात जेमतेम नव्वद हजार माणसं, तरी दोन जागा. तेरुएलला तीन. माद्रिदला ३७. म्हणजे सोरिया, तेरुएलमध्ये साधारण ४५ हजार माणसांमागे एक खासदार, तर माद्रिदमध्ये पावणेदोन लाखांहून जास्त माणसांमागे एक. ढोबळमानाने सोरियातल्या आजीबाईंच्या मताचं वजन माद्रिदच्या विद्यार्थ्याच्या मताच्या चौपट.

हा अन्याय आहे का? माद्रिदकर म्हणतील, आहे. सोरियाकर म्हणतील, तुमच्याकडे मेट्रो आहे, विद्यापीठं आहेत, चॅनेलांची ऑफिसं आहेत, आम्हाला निदान दोन खुर्च्या तरी ठेवा. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला दोघांचंही पटतं.

वही-पेन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे

आता एका प्रांतातल्या जागा पक्षांमध्ये कशा वाटतात ते बघू. व्हिक्टर द'होंट नावाचे एक बेल्जियन कायदेतज्ज्ञ होते, त्यांनी १८७८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. प्रत्येक पक्षाच्या मतांना आधी एकने भागायचं, मग दोनने, मग तीनने, असं पुढे पुढे. आलेले सगळे आकडे एकत्र ठेवायचे आणि सर्वांत मोठे आकडे निवडायचे. जागा तीन असतील तर पहिले तीन. ज्याचा आकडा, त्याची जागा.

समजा, एका प्रांतात शंभर मतं आहेत. 'अ' पक्षाला ४०, 'ब' ला ३०, 'क' ला १८, 'ड' ला १२. जागा तीन. 'अ' चे आकडे ४०, २०, १३. 'ब' चे ३०, १५. 'क' चे १८, ९. 'ड' चे १२, ६. सर्वांत मोठे तीन कोणते? ४०, ३० आणि २०. म्हणजे 'अ' ला दोन जागा, 'ब' ला एक. 'क' च्या मागे १८ टक्के लोक, तरी हातात भोपळा.

आता हीच मतं, हेच चार पक्ष, पण जागा माद्रिदसारख्या ३७ धरा. हिशोब करून बघा : 'अ' ला १५, 'ब' ला ११, 'क' ला ७, 'ड' ला ४. सगळ्यांना जवळपास मतांच्या प्रमाणात जागा.

पद्धत एक, मतं तीच. बदलला तो फक्त मतदारसंघातल्या जागांचा आकडा. कायद्याने स्पेनमध्ये प्रत्येक मतदारसंघात तीन टक्क्यांची किमान अट आहे. पण सोरिया किंवा तेरुएलमध्ये त्या अटीला काही अर्थच उरत नाही. तिथे खुर्ची मिळवायला वीस-पंचवीस टक्के किंवा त्याहूनही जास्त मतं लागतात. कागदावर पद्धत प्रमाणशीर, पण छोट्या प्रांतात तिचा अनुभव बराचसा आपल्यासारखाच : मोठ्या पक्षांची सोय आणि 'तुमचं मत वाया जाईल' ही भीती.

म्हणून उद्या कुणी 'प्रमाणशीर पद्धत हवी' असं म्हणालं, तर पहिला प्रश्न हा विचारा : एका मतदारसंघात जागा किती? हे न सांगता केलेली मागणी अर्धवट आहे.

खुर्ची आणि आवाज

आता माझा मुख्य मुद्दा. ग्रामीण प्रांतांना जादा जागा द्यायच्या, म्हणजे त्यांचं कुणीतरी ऐकेल, असं वरवर वाटतं. पण त्या जादा जागांवर बसलं कोण? सोरियाच्या दोन जागांपैकी नोव्हेंबर २०१९ मध्ये एक समाजवादी पक्षाला आणि एक पीपल्स पार्टीला गेली. जुलै २०२३ मध्येही तेच. एक इकडे, एक तिकडे. त्यात याद्या बंद, म्हणजे उमेदवारांचा क्रम पक्ष ठरवतो आणि मतदार पक्षाची अख्खी यादी उचलून पाकिटात घालतो. यादीत वरचा नंबर कोण देतो? पक्ष. मग खासदार घाबरणार कोणाला, तेही तुम्हीच सांगा.

थोडक्यात, गावाच्या नावाने खुर्ची मिळाली, पण तिच्यावर बसलेला माणूस पक्षाच्या ऑफिसकडे तोंड करून बसला.

तेरुएलच्या लोकांनी नेमकं हेच ओळखलं. स्पेनच्या कायद्यात एक वाट आहे. पक्ष नसतानाही मतदारांचा एखादा गट एकत्र येऊन यादी देऊ शकतो. त्यासाठी त्या मतदारसंघातल्या किमान एक टक्का मतदारांच्या सह्या लागतात. तेरुएलमध्ये म्हणजे हजारभर सह्या. कॉलेजच्या गॅदरिंगला जमणारी गर्दी! 'तेरुएल एक्झिस्ते' ने त्याच वाटेने उडी घेतली आणि नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत प्रांतात पहिला नंबर काढला. एक चतुर्थांशाहून जास्त मतं. तीन जागांपैकी एक त्यांना, एक समाजवाद्यांना, एक पीपल्स पार्टीला.

आणि मग गंमत झाली. ७ जानेवारी २०२० रोजी पेद्रो सांचेझ यांना पंतप्रधान करायचं की नाही यावर संसदेत मतदान झालं. बाजूने १६७, विरोधात १६५. फरक दोनचा. त्या १६७ मध्ये एक मत होतं तेरुएलच्या तोमास गितार्ते यांचं. मत बदलावं म्हणून त्यांच्यावर प्रचंड दबाव आला होता. ते हलले नाहीत. ज्या प्रांताला वीस वर्षं कुणी विचारत नव्हतं, त्याच्या एका मतावर सगळ्या देशाच्या नजरा लागल्या होत्या.

जुलै २०२३ मध्ये मात्र ही जागा गेली. त्या निवडणुकीत सगळीकडे एकच हवा होती : सांचेझ हवेत की नकोत? अशा वेळी गावचा रस्ता, गावचा दवाखाना मागे पडतो, आणि तीनच जागांच्या प्रांतात थोडी मतं घसरली तरी सगळंच जातं. माद्रिदमधला एखादा छोटा पक्ष मतं घटली तर चाराच्या तीन जागांवर येईल. तेरुएलमध्ये एकावरून थेट शून्यावर.

तरीही हा प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. सोरियात 'सोरिया या!' नावाच्या अशाच चळवळीने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रादेशिक विधिमंडळाच्या पाचपैकी तीन जागा जिंकल्या. 'या' म्हणजे 'आत्ता'. एकीकडे 'आम्ही आहोत', दुसरीकडे 'आत्ताच'. वाट बघून कंटाळलेल्या लोकांची घोषणा अशीच असणार.

हे सगळं आपल्याला कशाला?

कारण आपल्यातले निम्मे जण कुठल्या ना कुठल्या तेरुएलमधून आलेत. कोकणातल्या मित्रमैत्रिणींना विचारा, वाडीतली किती घरं फक्त गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. राज्य वाढत असताना! आणि विधानसभेच्या मतदारसंघांची नवी रचना २००८ मध्ये लागू झाली तेव्हा सिंधुदुर्गाच्या जागा चारवरून तीनवर आल्या. विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या. ठाण्यासारख्या फुगत चाललेल्या जिल्ह्यांत जागा वाढल्या. नियम साधा : माणसं जिथे, जागा तिथे.

नियम चुकीचा नाही. पण त्याचा अर्थ समजून घ्या. आपण गाव सोडतो तेव्हा घराला कुलूप लागतं, शाळेचा पट कमी होतो, एसटीची फेरी बंद होते. आणि काही वर्षांनी सभागृहातली खुर्चीही कमी होते. म्हणजे ज्या गावाला बोलणाऱ्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याचाच बोलणारा आधी जातो. २०२६ नंतरची पहिली जनगणना झाली की मतदारसंघांची फेररचना पुन्हा समोर येणार आहे. दक्षिणेतली राज्यं त्यावर आत्तापासून बोलतायत. आपल्याकडे राज्याच्या आत काय होईल, यावर कुणी बोलताना फारसं ऐकू येत नाही. कोकण काय करणार? मेळघाट काय करणार? गडचिरोली काय करणार?

स्पेनसारख्या प्रत्येक जिल्ह्याला ठरावीक किमान जागा द्याव्यात, असं सरळ म्हणणं सोपं आहे. पण सोरियाने दाखवून दिलंय की नुसती खुर्ची पुरत नाही. माझ्या मते दोन गोष्टी एकत्र हव्यात : मतदारसंघ पुरेसा मोठा, म्हणजे त्यात पाच-सात तरी जागा, आणि स्थानिक गटांना पक्षाशिवाय यादी देण्याची वाट. यातलं एक असलं आणि दुसरं नसलं, तर मोठ्या पक्षांचंच फावतं.

सुरुवात वॉर्डापासून करू

लोकसभेची पद्धत उद्या बदलेल असं मला वाटत नाही. पण एक जागा अशी आहे जिथे अर्धं काम आधीच झालंय : महापालिकेचा प्रभाग. २०१७ मध्ये पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. म्हणजे एका मतदारसंघात चार जागा, तेरुएलपेक्षा एक जास्त! पण मतदान कसं होतं? चार जागांची चार वेगळी मतं. वरचंच उदाहरण घ्या : ४०, ३०, १८, १२. लोकांनी चारही वेळा आपापल्या पक्षालाच मत दिलं, तर 'अ' पक्ष चारही जागा घेऊन जातो. ६० टक्के लोकांच्या वाट्याला शून्य नगरसेवक. तीच मतं द'होंटच्या पद्धतीने मोजा : 'अ' ला दोन, 'ब' ला एक, 'क' ला एक. प्रभाग तोच, मतदार तेच, आणि पाणी आलं नाही तर फोन करायला तीन वेगवेगळ्या पक्षांची दारं.

आरक्षणाचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. आज प्रभागातली प्रत्येक जागा कोणासाठी राखीव आहे हे आधीच ठरलेलं असतं. यादी पद्धतीत ते यादीतच बसवावं लागेल. स्पेनने २००७ मध्ये यादीत महिला आणि पुरुष दोघांचंही प्रमाण किमान ४० टक्के ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे जातीनिहाय आरक्षण आणि महिला आरक्षण दोन्ही सांभाळायचं म्हणजे नियम जास्त किचकट होतील. पण किचकट म्हणजे अशक्य नव्हे.

आता विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो मांडणारा माणूसही तसाच : डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. एक म्हणजे ही पद्धत वापरायला मोठ्या प्रमाणावर साक्षरता हवी. दुसरं, सभागृहात फार तुकडे झाले तर स्थिर सरकार टिकणं कठीण.

पहिला मुद्दा त्या काळी बिनतोड होता. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. आज ती परिस्थिती नाही. शिवाय राज्यसभेचे खासदार निवडताना आमदार प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्याच तत्त्वावर पसंतीक्रम देऊन मत देतात. आमदारांना जमतं, तर आपल्याला का नाही?

दुसरा मुद्दा मात्र आजही तितकाच टोकदार आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. स्पेननेच बघा, डिसेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०१९ या चार वर्षांत चार वेळा सार्वत्रिक निवडणुका घेतल्या. बहुमत जुळेना, म्हणून पुन्हा पुन्हा. देशाच्या सरकारसाठी ही किंमत मोजायची का, यावर भांडण होऊ शकतं. पण महापालिकेत? तिथे आयुक्त आहे, प्रशासन आहे, एका पक्षाचं बहुमत नसलं म्हणून कचऱ्याची गाडी थांबत नाही. म्हणून मी म्हणते, सुरुवात तिथून करावी. चुकलं तरी देश कोसळणार नाही, जमलं तर पुढचं बघता येईल.

आणि तुमचं मत कुठे आहे?

शेवटचा मुद्दा थेट तुमच्याशी संबंधित. जुलै २०२३ च्या त्या निवडणुकीत ऐन उन्हाळी सुट्ट्या होत्या. स्पेनमध्ये जवळपास २५ लाख लोकांनी टपालाने मत दिलं. परदेशात राहणाऱ्या स्पॅनिश लोकांची मतं नंतर मोजली, तेव्हा माद्रिदमधली एक जागा समाजवाद्यांकडून पीपल्स पार्टीकडे गेली. दूर राहणाऱ्यांच्या मतांनी अख्खी एक जागा हलवली!

आपल्याकडे हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला टपाली मताची सोय नाही. नाव घरच्या पत्त्यावर ठेवा किंवा हॉस्टेलच्या, हा पर्याय मात्र आहे. घरच्या पत्त्यावर ठेवलंत तर मतदानासाठी रात्रभर एसटीने जा, लेक्चर बुडवा, परत या. बहुतेक जण जात नाहीत. हॉस्टेलच्या पत्त्यावर करूही म्हणतात, पण फॉर्म भरायचा राहून जातो. मग आपण ना इथले, ना तिथले.

तेव्हा आज एवढं करा. मतदार यादीत नाव कुठे आहे ते तपासा. कुठे असायला हवं ते ठरवा. शहराचे रस्ते, बस, भाडं यावर बोलायचं असेल तर इथे. गावच्या दवाखान्यावर, शाळेवर, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीवर बोलायचं असेल तर तिथे. दोन्ही निर्णय योग्यच आहेत, फक्त तो तुम्ही घेतलेला असू द्या, आळसाने घेतलेला नको. आणि पुढच्या वेळी कुणी प्रभागात मत मागायला आलं, तर त्याला ४०, ३०, १८, १२ चं गणित घाला. उरलेल्या ६० टक्क्यांचं काय, हे विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्न मात्र त्याच्या डोक्यात राहील.

तेरुएलच्या लोकांना 'आम्ही आहोत' एवढं देशाला ऐकवायला वीस वर्षं लागली. आपण जरा लवकर सुरुवात करू या.